देवमनकाकांच्या फुफ्फुसापर्यंत

मी आज जो काही आहे तो देवमन निमकर्डे यांच्यामुळे. हे नाव कोणत्याही शोधनिबंधात सापडणार नाही. देवमनकाका बार्शीटाकळीच्या आमच्या शाळेत प्रयोगशाळा परिचर होते. शिक्षण सातवी. काम परीक्षानळ्या धुण्याचं, बाटल्या भरण्याचं, आणि पोरांना आम्लापासून व आम्लाला पोरांपासून वाचवण्याचं. सरांनी मला विज्ञान शिकवलं. ते हातात कसं धरायचं हे काकांनी शिकवलं.

संपादकांनी 'तुमच्या क्षेत्रातली यशोगाथा लिहा' असं कळवलं आहे. मी अमरावतीच्या एका औषधनिर्माण महाविद्यालयात बावीस वर्षं शिकवतो आहे. त्यातली शेवटची बारा वर्षं एकाच गोष्टीमागे गेली: औषधाचे अतिसूक्ष्म कण, म्हणजे नॅनोकण तयार करायचे आणि ते थेट फुफ्फुसात पोहोचवायचे. यात यश म्हणता येईल ते चार ओळींत मावतं. त्यामुळे मजकूर भरण्यासाठी मला चुकांकडेच वळावं लागेल. त्यांचा साठा भरपूर आहे.

आधी धंदा काय तो सांगतो. दमा असलेल्या माणसानं गोळी गिळली, तर ती पोटात जाते, पोटातून रक्तात, रक्तातून सगळ्या अंगात, आणि मग उरलंसुरलं औषध फुफ्फुसात. म्हणजे अकोल्याच्या एका माणसाला लिहिलेलं पत्र आधी सगळ्या वऱ्हाडात घरोघरी वाचायला द्यायचं आणि शेवटी त्याला द्यायचं, असा प्रकार. ओढून घ्यायचं औषध थेट पत्त्यावर जातं, म्हणून ते थोडंसंच पुरतं. आम्ही ज्यांच्या मागे आहोत ते नॅनोकण याच्याही पुढचे. ते फुफ्फुसाच्या अगदी आतल्या पडद्यापर्यंत पोहोचावेत आणि तिथे औषध हळूहळू सोडत राहावेत, अशी अपेक्षा. केसाच्या जाडीत असे तीन-चारशे कण शेजारी शेजारी उभे राहतील. अपेक्षा कणांच्या मानानं मोठीच आहे.

या विषयाकडे मला कोणा थोर शास्त्रज्ञानं ढकललं नाही. बी. फार्म. झाल्यावर दोन वर्षं मी अंजनगाव सुर्जीच्या एका औषध दुकानात काउंटरवर उभा होतो. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेला मी पहिलाच. त्यामुळे पांढरा कोट घालून काउंटरमागे उभं राहणं हेच आमच्या आईला विद्यापीठ वाटायचं. ती एकदा एसटीनं केवळ तेवढं बघायला आली होती. बाहेर दहा मिनिटं उभी राहिली, आत आली नाही, "गिऱ्हाइकाले तरास कायले द्याचा" म्हणाली आणि परतीच्या गाडीनं गेली.

त्या काउंटरवर एक आजोबा यायचे. पानमळा होता त्यांचा. डॉक्टरांनी त्यांना पावडरच्या कॅप्सूल आणि एक छोटं यंत्र लिहून दिलं होतं. कॅप्सूल त्या यंत्रात ठेवायची, फोडायची आणि तोंडानं जोरात ओढायची. आजोबा दर महिन्याला कॅप्सूल नेत आणि दर महिन्याला शिव्या देऊन जात.

"काहीच फरक नाही बावा. नुसती लूट हाये."

शेवटी मी विचारलं, "आबाजी, घेता कशी ते सांगा बरं."

"कशी म्हंजे? चहासंगं. सकाळी एक, संध्याकाळी एक."

"गिळता?"

"मंग काय कानात घालू?"

"आणि ते यंत्र?"

"ते हाये ना. कपाटात हाये. प्लास्टिकसुद्धा काढलं नाही त्याचं. एकदम नवं कोरं."

आमच्याकडे टीव्हीच्या रिमोटचं प्लास्टिक काढत नाहीत, तसंच त्यांनी ते जपलं होतं. श्वासाचं औषध गेले पाच महिने त्यांच्या पोटात जात होतं आणि यंत्र कपाटात निवांत श्वास घेत होतं. त्यांना मी काउंटरवरच शिकवलं. आठ दिवसांनी ते विड्याच्या पानांची मोठी जुडी घेऊन आले. त्या दिवशी मी ठरवलं की औषध तयार करण्याइतकंच ते पोहोचवणं हेही शिकण्यासारखं आहे. पुढे एम. फार्म., पीएच. डी., नोकरी हे सगळं त्या जुडीमागून आलं.

पण मला सांगायचं आहे ते देवमनकाकांचं. त्यासाठी दहावीच्या वर्गात परत जावं लागेल.

प्रात्यक्षिकाची वही म्हणजे काय ते वाचकांना आठवत असेल: उद्दिष्ट, साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान. त्या दिवशी दोन रंगहीन द्रावणं एकत्र करून पिवळा अवक्षेप मिळवायचा होता. आम्ही चाळीस जणांनी द्रावणं एकत्र केली आणि चाळीस जणांनी वहीत लिहिलं, 'पिवळा अवक्षेप दिसला.' सरांनी चाळीस सह्या केल्या. वर्ग सुटल्यावर मी नळ्या ठेवायला मागे राहिलो, कारण मला त्या खोलीचा वास आवडायचा. काका माझी वही चाळत होते.

"गजू, तुले पिवळं कुठं दिसलं बापू?"

"नळीत, काका."

"त्या दुसऱ्या बाटलीत तं पाणी होतं. औषध खतम होऊन चार दिवस झाले. म्याच भरलं नळाचं पाणी, का बाटली रिकामी दिसू नाही म्हणून."

मी ती बाटली उजेडात धरून पाहिली.

"म्हंजे चाळीस पोट्ट्यायले पाण्यात पिवळं दिसलं," काका म्हणाले, "अन् सरायलेबी दिसलं. मलेच कावून दिसलं नाही? डोळे तपासा लागते माये."

मग त्यांनी खिशातला लाल पेन काढला. हजेरीच्या रजिस्टरवर सुट्ट्या लिहायला ते तो ठेवत. माझ्या निरीक्षणाखाली त्यांनी दोनच शब्द लिहिले: 'पाहिलं का?' वहीवर सही करायचा अधिकार त्यांना नव्हता. तरी माझ्या सगळ्या वह्यांमधली तेवढीच एक खरी तपासणी होती असं मला अजून वाटतं. त्यानंतरचं वर्षभर त्यांनी मला शाळा सुटल्यावर प्रयोगशाळेत बसू दिलं. नळी धुतल्यावर उपडी का ठेवायची, आधीच्या द्रावणाचा थेंब राहिला तर पुढचा प्रयोग कसा खोटा होतो, हे सगळं तेव्हाचं. "नळी कोरी पाह्यजे," हे ते दिवसातून दहादा म्हणत. हे वाक्य पुढे माझ्यावरच कसं उलटणार होतं ते मला तेव्हा कसं कळावं?

आता प्रयोगशाळा माझी. तीन वर्षांपूर्वी आमचे कण तयार झाले. छान गोल, सगळे जवळपास एका मापाचे, आणि बारीक. किती बारीक करता येतील याची आम्हाला जणू चटक लागली होती. आकडा खाली आला की विद्यार्थी टाळ्या वाजवायचे. अनुदान देणाऱ्या समितीसमोर मी आकडा सांगितला की समिती मान हलवायची. लहान आकड्यात काहीतरी मोठं असतं, असं सगळ्यांनाच वाटतं.

तेवढ्यात एका स्थानिक वर्तमानपत्राचा वार्ताहर आला. त्यानं विचारलं, "सर, रुग्णांपर्यंत कधी?" या प्रश्नाचं खरं उत्तर 'माहीत नाही' असं होतं. प्राण्यांवरच्या चाचण्या, विषारीपणाच्या चाचण्या, परवानग्या, मग माणसांवरच्या चाचण्या, हे सगळं पुढे उभं होतं. पण त्याच्यासोबत फोटोग्राफर होता. मी म्हणालो, "दोन वर्षांत." दुसऱ्या दिवशी मथळा आला: 'औषध आता थेट फुफ्फुसात! अमरावतीच्या भूमिपुत्राची कमाल.' मी अकोला जिल्ह्यातला, पण दुरुस्ती पाठवायला मी काही फार घाई केली नाही.

बार्शीटाकळीला शाळेनं सत्कार ठेवला. शाल, श्रीफळ, आणि ज्यांचा माझ्या शिक्षणाशी काडीचा संबंध नव्हता अशा सात जणांची भाषणं. देवमनकाका शेवटच्या रांगेत होते. खोकल्यामुळे ते दोनदा उठून बाहेर गेले. शाळेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी अकोल्याच्या एका दाल मिलमध्ये नऊ वर्षं चाळण्यांवर काम केलं होतं. छातीचा आजार तिथलाच. कार्यक्रमानंतर ते माझ्याजवळ आले. हातात वर्तमानपत्राचं कात्रण, लॅमिनेट केलेलं.

"दोन वर्षं म्हंजे पक्कं का, गजू?"

माझ्या खांद्यावर शाल होती. शालीत माणूस जरा वेगळं बोलतो. मी म्हणालो, "त्याच्या आतच, काका."

आमचा मोठा प्रयोग त्यानंतर महिन्याभरानं झाला. म्हणजे अनुमान मी आधीच वाटून बसलो होतो आणि निरीक्षण व्हायचं होतं. त्यासाठी एक यंत्र असतं. एकावर एक ताटल्या ठेवलेला उभा डबा समजा, जेवणाच्या डब्यासारखा. वरून औषध सोडायचं आणि खालून माणसाच्या श्वासाइतक्या जोरानं हवा ओढायची. जाड कण वरच्या ताटल्यांवर अडकतात, ते म्हणजे घसा. मधल्या मापाचे मधल्या ताटल्यांवर, ते म्हणजे फुफ्फुस. कुठेच न अडकलेलं सगळ्यात खालच्या गाळणीवर येतं. तो भाग म्हणजे आत जाऊन श्वासाबरोबर परत बाहेर पडणारा.

आमच्या मधल्या ताटल्या जवळजवळ कोऱ्या होत्या. औषध सगळं गाळणीवर. आमचा फवारा इतका बारीक होता की थेंब वाटेतच सुकत आणि कण सुटे होऊन हवेबरोबर वाहत जात. तीन आठवडे आम्ही पुन्हा पुन्हा करून पाहिलं. कण फुफ्फुसात जात होते, पाहुणचार न घेता परत येत होते. यात नवं काहीच नव्हतं. हे पुस्तकात आहे आणि दर वर्षी मीच ते फळ्यावर आकृती काढून शिकवतो. परीक्षेत ते सहा गुणांना विचारतो. वर्तमानपत्राला मात्र मी काही कळवलं नाही, आणि काकांनाही नाही.

सत्काराला सात महिने झाल्यावर एका रविवारी मी बार्शीटाकळीला गेलो. काकांच्या घरामागे त्यांचा फुलांचा तुकडा आहे. झेंडू आणि शेवंती. कमलाकाकू हार करून बाजारात नेतात. काका विहिरीजवळ बाजेवर बसले होते. मला बघून उठले, चार पावलं टाकली आणि धापा टाकत परत बसले. त्यांना एक वाक्य बोलायला तीन श्वास लागत होते. सत्काराच्या दिवशी ते असे नव्हते.

"डॉक्टरांनी दिलेला श्वासाचा पंप घेता ना, काका?"

उत्तर काकूंनी दिलं. "कुठला पंप! सत्कार झाला तवापासून बंद करून ठेवला. मी बोलून बोलून थकली. तुमीच सांगा आता."

काका हसले. गुपित फुटल्यावर लहान मूल हसतं तसे. "अरे, तुयं नवं येऊन राह्यलं ना. जुनं आत असलं तं नवं काम कसं करीन? नळी कोरी पाह्यजे. धुऊन ठेवली बावा म्या. तू फक्त घेऊन ये."

मी तिथेच बाजेवर बसलो. हा माणूस सात महिने गुदमरत होता, आणि तेही मी आणणार असलेल्या औषधासाठी आपली छाती परीक्षानळीसारखी धुऊन उपडी ठेवून. त्यांची शिस्त आणि माझा मथळा, दोन्ही मिळून त्यांचा जीव घ्यायला निघाले होते.

मी दाल मिलचं विचारलं. धूळ फार असायची का?

"धुळीतबी जाती असते," काका थांबत थांबत सांगू लागले. "जाड फोलपट नाकात, घशात बसते. खाकरलं का निघते. एकदम बारीक, धुरासारखी असते, ते आत जाते अन् आल्या पावली वापस येते. तिचा तरास नाही. मधली जे भुकटी असते ना, बेसनासारखी, ते बेकार. ते आत जाऊन मुक्काम करते. तिनंच मारलं मले."

आमच्या यंत्राला हेच सांगायला तीन आठवडे लागले होते. काकांना नऊ वर्षं लागली, पण त्यांनी ते स्वतःच्या छातीवर केलं होतं. मी एवढंच म्हणालो, "काका, माझ्या औषधाला वेळ लागेल. तोवर पंप घ्या."

"किती वेळ?"

"थोडा."

"थोडा म्हंजे किती? प्रयोग झाला का नाही?"

"झाला."

"निरीक्षण काय?"

मी झेंडूकडे बघत राहिलो. शेजारचे दोघे जण 'शास्त्रज्ञ' बघायला येऊन उभे होते. काकांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. त्यांना सगळं कळलं असावं, पण त्यांनी मला चारचौघांत उघडं पाडलं नाही.

"तोंडी नको सांगू," ते म्हणाले. "तोंडी तुले पाण्यातबी पिवळं दिसते. कागदावर लिहून पाठव, प्रयोग लिहितो तसा. मले पटलं तं पंप घेतो. नाही पटलं तं नळी कोरी हाये तशीच राहीन."

"अहो, डॉक्टर तरी..." काकू म्हणाल्या.

"डॉक्टर सही करते. सरबी सही करत होते."

परतीच्या एसटीत मूर्तिजापूरपर्यंत मी एक सोपं पत्र मनात अर्धं तयार केलं होतं. त्यात 'थोडा विलंब', 'तांत्रिक अडचणी', 'तोपर्यंत' असे शब्द होते. अहवालांमध्ये मी हे शब्द बारा वर्षं वापरले आहेत आणि त्यांना आजवर कोणी लाल शाई लावलेली नाही. अमरावतीत उतरेपर्यंत ते पत्र माझ्याच्यानं पूर्ण झालं नाही.

कणांचं पुढे काय झालं तेही सांगून टाकतो. यशाच्या चार ओळी म्हणालो होतो, त्या ह्या. आता आम्ही ते बारीक कण मोठ्या, विरघळणाऱ्या दाण्यांत बांधतो, बुंदीचा लाडू वळावा तसे. लाडू मधल्या मापाचा असतो, आत जाऊन बसतो, ओलाव्यात फुटतो आणि बुंदी मोकळी होते. मधल्या ताटल्या आता भरतात. माणसापर्यंत कधी, असं विचारलं तर मी 'माहीत नाही' म्हणतो. वार्ताहर परत आलेला नाही.

जे पत्र मी शेवटी लिहिलं ते वीस दिवसांनी माझ्याकडे परत आलं, लाल शाईत तपासून. जसं आहे तसं देतो. लाल शाईतला मजकूर कंसात आहे.

अमरावती

तीर्थरूप देवमनकाका यांस,
साष्टांग नमस्कार.

तुम्ही कागदावर मागितलं म्हणून लिहितो.

प्रयोग पहिला. उद्दिष्ट: माझे कण फुफ्फुसात बसतात का ते पाहणे. निरीक्षण: बसत नाहीत. आत जातात आणि आल्या पावली परत येतात. एकवीस दिवस पाहिलं, रोज तेच दिसलं. अनुमान: माझं औषध तयार नाही. दोन वर्षांत होणार नाही. तुमच्या उपयोगाचं ते कधी होईल असं मला वाटत नाही. सत्काराच्या दिवशी मी तुम्हाला जे सांगितलं ते न पाहता सांगितलं होतं.
(बरोबर. हे आधी लिहायचं होतं.)

फुफ्फुस ही परीक्षानळी नाही, काका. ते धुऊन उपडं ठेवता येत नाही. पंप बंद केल्यानं ते कोरं होत नाही. आतून सुजतं आणि त्याचं तोंड अरुंद होत जातं. उद्या जगात कुठलंही नवं औषध आलं तरी ते जायला वाट राहिली पाहिजे. जुनं औषध ती वाट उघडी ठेवतं.
(पटलं.)

प्रयोग दुसरा. उद्दिष्ट: जुना पंप काम करतो का ते पाहणे. साहित्य: अकोल्याच्या डॉक्टरांनी दिलेला पंप, त्याला लावायची मोठी नळी, घड्याळ. कृती: आधी त्या डॉक्टरांना पुन्हा भेटणे आणि सात महिन्यांचं खरं सांगणे. मग ते सांगतील तेवढ्या वेळा: पंप हलवावा, श्वास पूर्ण सोडावा, पंप दाबून श्वास सावकाश ओढावा, दहा आकडे होईपर्यंत रोखावा. यातलंही बरंच औषध घशातच बसतं, म्हणून शेवटी चूळ भरून थुंकावी. पंधरा दिवस करावं.

निरीक्षण: ही जागा मी कोरी सोडली आहे. पुस्तकात काय येतं ते मला माहीत आहे, पण ते लिहीत नाही.
(डॉक्टरकडे गेलो. शिव्या खाल्ल्या. पहिल्या दिवशी घरापासून विहिरीपर्यंत जाताना पाच खेपा बसलो. पंधराव्या दिवशी दोन खेपा. मोजणी कमलानं केली, म्या नाही. ज्याले फायदा पाह्यजे त्यानं मोजू नये.)

अनुमान: तुम्ही लिहाल ते.
(चालू ठेवतो.)

तुमचा,
गजानन

(साहित्यात पाणी लिहिलं नाही. चूळ कशानं भरू? अर्धा मार्क कापला. तपासलं. दे. निमकर्डे, प्रयोगशाळा.)